अनसाकाकूंना बोलावण्याची योग्य वेळ

एका जंगलात, मुलांनो, कॅन्सरचं झकास हॉस्पिटल होतं. तिथले मोठे सर्जन म्हणजे सुतारपक्षी डॉक्टर चोचेकर. गाठ दिसली की त्यांची चोच शिवशिवायची.

त्याच जंगलात अनसाकाकू नावाची कासवीण राहायची. आजाऱ्याचं दुखणं हलकं करणं हे तिचं काम. ती पाल्याचं औषध द्यायची, कोणत्या कुशीवर निजावं ते सांगायची आणि विचारायची, "तुला काय हवंय?" हॉस्पिटलात हा प्रश्न कोणी विचारत नसे. तिथे सगळे कामात असत.

पण रिवाज असा, की डॉक्टरांनी हात टेकल्याशिवाय काकूंना बोलवायचं नाही. त्या दारात दिसल्या की शेजारी रडायलाच येत.

हौसाबाई सांबरिणीच्या मानेत गाठ निघाली. डॉक्टरांनी ती कोरून काढली. मग कळा सुरू झाल्या. पाणी गिळवेना, डोळा लागेना.

"केरबा, काकूंना बोलाव रे," ती मुलाला म्हणाली. "एकदा तळ्यावर जाऊन पोटभर पाणी प्यायचंय मला."

"आई, अभद्र बोलू नकोस. लोक म्हणतील, पोरानं आशा सोडली."

डॉक्टर तपासायला आले. "ऑपरेशन उत्तम झालंय."

"पण दुखतंय हो."

"दुखणं माझ्याकडे येत नाही, आजी. आणि काकूंची वेळ अजून झालेली नाही."

गाठ पुन्हा आली. पुन्हा चोच चालली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता बोलवा."

केरबा धावत गेला. काकू तशाच निघाल्या. पण कासवच ते, वाटेत चार दिवस गेले. हौसाबाई दुसऱ्याच दिवशी गेली, तळमळत. मला हे सांगताना राग येतो, पण बोधकथेत रागवायचं नसतं.

"काकू, फार उशीर केलात," केरबा म्हणाला.

"बाळा, पहिल्या गाठीलाच निरोप धाडला असतास, तर मी ऑपरेशनच्या आधी पोचले असते. डॉक्टरांनी गाठ बघितली असती, मी तुझ्या आईला बघितलं असतं."

केरबाला ते पटलं नाही. त्यानं पंचायतीत तक्रार केली. पंचायतीनं डॉक्टरांचा सत्कार केला आणि काकूंना समज दिली.

तात्पर्य: कासव हळू चालतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून त्याला अगदी शेवटी बोलवावं आणि उशिराचा ठपका त्याच्यावरच ठेवावा.