प्रिन्सेसाची मालकीण

यंत्र कुठलंही असो, माझ्यासमोर आणून ठेवा. पाच मिनिटांत ते माझं ऐकायला लागतं! ही बढाई नाही, अख्ख्या सान बार्तोलो गावाला विचारा. पाण्याचे पंप, शिलाई मशिनं, चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ, सगळ्यांना माझा हात लागलाय. ते घड्याळ आता दुपारी तेरा ठोके देतं हे खरं. पण देतं ना!

आमचं तोर्तियांचं, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांचं दुकान आहे. आईनं चाळीस वर्षं ते एकाच मशीनवर चालवलं. त्या मशीनचा खडखडाट असा की शेजाऱ्यांना गजराची गरज पडायची नाही. मी म्हटलं, पुरे झालं, जमाना बदलला. आणि कंपनीचं नवंकोरं मशीन घेऊन आलो. नाव प्रिन्सेसा! चकाचक पोलाद, समोर एक काचेचा डोळा, आणि बोलतंसुद्धा! जुनं मशीन मागच्या कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं. आईनं ते फक्त एका फडक्यानं झाकलं.

कंपनीच्या माणसानं अटी हसत हसत सांगितल्या. पीठ फक्त कंपनीच्या पिवळ्या पोत्यातलं. पोत्यावरची काळी चौकट मशीनच्या डोळ्याला दाखवायची, तर ते हलणार. झाकण उघडायचं नाही, आणि उघडायचं म्हटलं तरी स्क्रू असे की गावातला एक पाना त्यांना लागेल तर शपथ! तेलसुद्धा कंपनीचाच माणूस येऊन घालणार.

"मशीन तुमचंच हो," तो म्हणाला, "फक्त ऐकतं ते आमचं."

मला हे तेव्हा विनोदी वाटलं.

मग नावाची भानगड. कंपनी परदेशी. तिच्या फॉर्ममध्ये नावाला एक चौकोन, आडनावाला एक चौकोन. आणि माझं नाव होसे मारिया तेक्वापेत्ला रोसास! आमच्याकडे पुरुषाच्या नावात मारिया असते, त्यात बायकी काही नाही. गाव मला चेमा म्हणतं. आडनावंही दोन, आधी बापाचं, मग आईचं. पण कंपनीच्या कॉम्प्युटरला हे कोण समजावणार? त्यानं मधलं नाव उचललं, शेवटचं आडनाव उचललं आणि उरलेला मी फेकून दिला. पहिल्याच सकाळी, दुकानापुढे पंधरा बायका रांगेत उभ्या असताना, प्रिन्सेसा मधाळ आवाजात म्हणाली, "शुभ प्रभात, मारिया रोसास! आज किती छान दिसताय तुम्ही!"

रांग पाच मिनिटं हसत होती. मी तडक कंपनीला फोन लावला, की नाव बदला. उत्तर आलं, नाव बदलायला मारिया रोसास बाईंनी स्वतः अर्ज करावा.

बरं, हेही मी गिळलं असतं. पण मध्ये यारेत्सीचं पंधरावं आलं!

मुलीनं पंधरावं वर्ष गाठलं की आमच्याकडे लग्नाच्या तोडीचा थाट असतो. एकट्या बापाला तो झेपत नाही, म्हणून गणगोत एकेक वस्तू अंगावर घेतं. कुणी केकचा पाद्रिनो, म्हणजे मानकरी, तर कुणी मुकुटाची माद्रिना, कुणी बुटांचा, कुणी फुलांची. जेवणाआधी माइकवर एकेकाचं नाव पुकारतात. तो उभा राहतो, टाळ्या पडतात. त्या टाळ्या माणूस वर्षभर पुरवून खातो.

यारेत्सीचा बाप एवोदिओ माझा कोंपाद्रे. म्हणजे, त्याच्या दोन्ही पोरींना बाप्तिस्म्याला मीच हातावर धरलं होतं. गेल्या खेपेला, थोरलीच्या पंधराव्याला, मी बँडचा पाद्रिनो होतो. आणि बँड गेला दुसऱ्याच सान बार्तोलोला! डोंगरापलीकडे, भलत्याच माणसाच्या बारशात वाजवत बसला. इथे माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांऐवजी कुणीतरी खोकलं. तो खोकला अजून माझ्या कानात आहे. या वेळी मला तो धुऊन काढायचा होता, बस्स!

म्हणून मी भर बैठकीत छाती ठोकली. "तोर्तिया माझ्या! दोन हजार! हात भाजतील अशा गरम!"

एवोदिओनं मिठी मारली. "पण कोंपाद्रे, दोन्या चोनाच्या पिठाच्या हं. त्या पिवळ्या पोत्यातल्या नकोत. मोलेच्या रश्शात बुडवल्या की त्यांचा पुठ्ठा होतो."

दोन्या चोना म्हणजे माझी आई. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या निळ्या मक्याचं तिचं ओलं पीठ म्हणजे काय विचारता! पण प्रिन्सेसा ते कशी घेणार?

माझ्याकडे योजना होती. शनिवारी सकाळी दहाला मी पिवळं पोतं प्रिन्सेसाच्या डोळ्यापुढे धरलं. "धन्यवाद, मारिया!" ती म्हणाली. मी पोतं बाजूला सारलं आणि आईचं पीठ तिच्या घशात कोंबलं. सुरू! निळ्या, फुगलेल्या तोर्तिया एकामागून एक पट्ट्यावरून यायला लागल्या. मी शीळ घातली. आईकडे बघून भुवया उडवल्या. एकेचाळिसावी तोर्तिया अर्धी बाहेर आली आणि प्रिन्सेसा थांबली.

"मारिया," ती दुखावल्या आवाजात म्हणाली, "हे पीठ आपल्या कुटुंबातलं नाही. तुमच्या भल्यासाठी मी बंद होत आहे."

आणि झाली! मी कळ दाबली. वायर काढून लावली. चापट मारली. गोंजारलं. पोतं पुन्हा दाखवलं, पोत्याचा फोटो दाखवला. डोळ्यात तांबडा दिवा, आणि ती ढिम्म! साडेदहा वाजले.

मी फोन लावला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं. या पायावरून त्या पायावर नाचत होतो.

"नमस्कार, मी ओसिएल. मारिया रोसास बाईच बोलतायत ना?"

"मीच."

"साहेब, बाईंना द्या."

"अहो, मीच मारिया आहे!"

"आवाज पुरुषाचा येतोय, साहेब."

"सर्दी झालीय."

"कुलूप फक्त मालकिणीच्या आवाजावर उघडतं. बाई आल्या की फोन करा."

"थांबा, थांबा! आल्या!" मी ओरडलो. मग घसा खाकरला, डोळे मिटले, आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणालो, "अगं बाई, इश्श! मीच हो ती मारिया रोसास!"

डोळे उघडले तर दारात एवोदिओ उभा. नवा सूट, छातीला पांढरं फूल.

"कोंपाद्रे," तो जपून म्हणाला, "सगळं ठीक ना?"

"उत्तम!" मी म्हणालो. घाईत आवाज बदलायचा राहिला.

"नाही, सांगायला आलो होतो की फादरना पुढच्या गावी जायचंय. चर्चमधली मिसा लवकर उरकतेय. जेवण दोनला नाही, एकला." माझ्याकडे एकदा नीट बघून तो मागच्या पावली गेला. जाताना खिशातून कसलासा कागद काढून पेन्सिलीनं त्यावर खरडत होता. मला तेव्हा त्याचं काय!

अकरा वाजून दहा मिनिटं. एकोणीसशे साठ तोर्तिया बाकी. अशा वेळी आईनं शांतपणे हात पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"बोल रे पोरा. मी मारिया रोसास."

मी तोंडाचा आ केला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे निम्म्या बायकांच्या नावापुढे मारिया असतं, ते कुणी उच्चारत नाही इतकंच. चोना म्हणजे मारिया एन्कार्नासिओन! आणि माझं दुसरं आडनाव तिच्याकडूनच तर आलेलं! कंपनीच्या कागदावर ही बाई महिनाभर मालकीण होती, आणि मला, तिच्या पोटच्या पोराला, पत्ता नव्हता.

"आवाजाची नोंद करायची आहे, बाई," ओसिएल खुलला. "माझ्यामागून म्हणा. मी, मारिया रोसास, फक्त कंपनीचंच पीठ वापरीन."

"मी, मारिया रोसास," आई म्हणाली आणि थांबली.

"पुढे, बाई?"

"पुढचं खोटं आहे."

"आई!" मी तिच्या पदराला, म्हणजे एप्रनला लोंबकळलो. "म्हण ना गं! एक वाक्य! माझी अब्रू आहे त्यात!"

"आज मिसेला जायचंय मला. खोटं बोलून जाऊ?" मग फोनमध्ये, "पोरा, तुझ्या घरी तोर्तिया कशाच्या?"

पलीकडून अगदी हळू आवाज आला. "आजी मका भिजवते, सेन्योरा. चुन्यात."

"मग?"

"फोन रेकॉर्ड होतोय हो, सेन्योरा."

"होऊ दे. आजीलाही ऐकव."

ओसिएलनं मोठा श्वास घेतला. "करतो काहीतरी. अहोरिता उघडतो."

मी आनंदानं उडी मारली. आई मात्र फोन ठेवून सरळ मागच्या दाराकडे निघाली. "अहोरिता म्हणाला ना? चल, जुनं मशीन बाहेर काढ."

अहोरिता! शब्दकोशात बघाल तर अर्थ सापडेल, आत्ता, या क्षणी. आमच्या तोंडून निघाला की तो या क्षणीही असतो, संध्याकाळीही असतो, आणि कधीकधी बघू पुढल्या वर्षी. तरी मी दहा मिनिटं प्रिन्सेसापुढे येरझारा घातल्या. तिचा तांबडा डोळा काही मिटेना. शेवटी धावलो खुराड्यात.

जुन्या मशीनच्या पिठाच्या भांड्यात एक खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती. मी हात घातला, तिनं चोच मारली. पुन्हा घातला, पुन्हा मारली! आईनं तिला अलगद उचललं, अंड्यांसकट आत आणलं आणि ऊब आहे म्हणून प्रिन्सेसाच्या डोक्यावर बसवलं. कोंबडीनं वाकून काचेच्या डोळ्यात पाहिलं.

"मारिया," प्रिन्सेसा म्हणाली, "हे पीठ आपल्या कुटुंबातलं नाही."

मी भांडं घासलं, गॅसची नळी जोडली, मोटारीला पट्टा चढवला. कळ दाबली. काही नाही! आईनं मला बाजूला केलं, मशीनच्या बुडाशी ठरलेल्या जागी एक लाथ घातली, आणि खडखडाट सुरू झाला! चाळीस वर्षांचा, सगळी गल्ली हादरवणारा, गोड खडखडाट! मी पीठ कोंबत होतो, आई थप्प्या फडक्यात बांधत होती. दोघांच्या अंगातून घामाच्या धारा. मिसेची घंटा झाली आणि आईची मिसा हुकली. ती थप्प्या बांधतच राहिली. मलाच कसंतरी झालं.

एक वाजून वीस मिनिटांनी तीनचाकी सायकल दामटत आम्ही मांडवात शिरलो. मोले वाढून झालं होतं आणि लोक रिकाम्या हातांनी माझी वाट बघत होते. दोन हजार तोर्तिया पानांवर पडल्या. हात भाजतील अशा गरम! पाच मिनिटं मांडवात कुणी बोललं नाही, नुसतं खाणं. मी पाण्यानं केस चापून बसवले, शर्टावरची पिसं झटकली आणि खुर्चीच्या कडेवर टेकलो. पाय हलायचे थांबेनात.

माइक सुरू झाला. केक... टाळ्या. मुकुट... टाळ्या. बूट, फुलं, बाहुली. माझं अर्धं बूड खुर्चीतून उठलेलं.

"आणि ज्यांच्या तोर्तियांनी आज सगळ्यांची तोंडं बंद केली, त्या माद्रिना, सेन्योरा मारिया रोसास!"

मांडव कोसळेल अशा टाळ्या! मी तसाच, धड उभा नाही धड बसलेला. शेजारून एवोदिओ माझ्या कानाशी लागला. "यादीत बदललं हो मी, कोंपाद्रे. तू स्वतःच फोनवर म्हणत होतास ना, आपलं नाव आता ते. आमची काही हरकत नाही. तू आमचाच!"

मी काही बोलणार, इतक्यात आई उठली. का नाही उठणार? तिचंच तर नाव होतं! एप्रनवर निळं पीठ, केसात एक पीस. चाळीस वर्षं या गावानं तिच्या हातचं खाल्लं, पण तिचं पुरं नाव माइकवर कधी कुणी घेतलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, आधी माझा जळफळाट झाला. मग यारेत्सी तो घेरदार झगा सावरत आली आणि तिनं आईला मिठी मारली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या.

घरी आलो तर काय! प्रिन्सेसाचा दिवा हिरवा. ओसिएल शब्दाला जागला होता. जेवणं उरकल्यावर का होईना, जागला होता. आता ती कुठलंही पीठ खाते. आईचं निळं, शेजारणीचं पिवळं, मी रागानं घातलेला भुसासुद्धा! फक्त तिनं एकच आवाज नोंदवून घेतलाय, आणि रोज सकाळी तो ऐकल्याशिवाय ती जागची हलत नाही.

त्यामुळे हल्ली पहाटे मी तिच्यापुढे हात बांधून उभा असतो. बाहेर रांग वाढत असते. मागे खुराड्यापाशी आई जुन्या मशीनला तेल घालत असते.

"आई, एकदा येऊन बोल ना गं हिच्याशी! गिऱ्हाइकं खोळंबलीत!"

आई वळूनसुद्धा बघत नाही.

"अहोरिता," ती म्हणते.