चिंचेनं घासलेलं इंजिन

महालक्ष्म्यांचे मुखवटे, समया, घागर, आरतीचं ताट असं सगळं पितळ घासून झालं आणि वाटीत चिंच उरली. उरलेली चिंच टाकून देणं तारामतीच्या रक्तात नव्हतं. पुढचा सगळा घोटाळा त्या उरलेल्या चिंचेनं केला, असं ती अजून म्हणते. (चिंच उलटून बोलत नाही म्हणून बरं.)

आणखी पितळ कुठं आहे म्हणून तिनं घरभर नजर फिरवली. मधल्या खोलीत टेबलावर, मलमलच्या फडक्याखाली, तिच्या नवऱ्याचं इंजिन होतं.

आता हे इंजिन म्हणजे काय, ते आधी सांगते. येडशीवरनं पूर्वी छोटी गाडी जायची. अरुंद रुळांची. बार्शीकडनं यायची, लातूरकडं जायची, आणि दोन्हीकडं सारखीच सावकाश. पुढं रूळ रुंद झाले, मोठी गाडी आली आणि छोटी गेली भंगारात. गावानं थोडे दिवस हळहळ केली आणि गाव विसरलं. विसरले नाहीत ते तिघं. एक तारामतीचा नवरा शिवलिंगअप्पा, ग्रामपंचायतीत कारकुनी करून घरी बसलेला. दुसरा माणिकप्पा, घड्याळं दुरुस्त करणारा. तिसरे गौरीशंकर मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. तिघांनी मिळून त्या गाडीचं इंजिन करायला घेतलं. मुठीत मावेल एवढं, पितळी पत्र्याचं, पण खऱ्या इंजिनाचा मोजून सत्त्याऐंशीवा भाग.

"खेळणं म्हनू नका वैनी," माणिकप्पा डोळ्याला भिंग लावून म्हणायचा. "खऱ्या इंजिनाला जितके रिबिट, तितके ह्याला हायत."

"मोजायला कोन येनार हाय?"

"देव."

"देवाला दुसरी कामं हायत."

रिबिट, म्हणजे पत्रे जोडायचे बारके खिळे, झाले, चाकं झाली, मग मास्तरांनी आख्खा उन्हाळा त्या इंजिनाला मळवण्यात घालवला. कोळशाची पूड, विटेची पूड, चहाचं पाणी, आणि बारीक कुंचला. चांगलं पिवळंधमक इंजिन काळं करत बसलेली ही शहाणी माणसं बघून तारामतीचा जीव नुसता तुटायचा.

पण छोटी गाडी होतीच तशी. तिच्यात बसायचं म्हणजे काळं व्हायचं. रामलिंगाच्या चढाला ती एवढी धापा टाकायची की आतली माणसं आपोआप पुढं वाकायची, जणू तेवढाच हातभार. तारामती ढोकीहून नवरी होऊन आली ती याच गाडीनं. खिडकीची जागा हट्टानं घेतली आणि येडशीपर्यंत सगळा धूर तोंडावर घेतला. सासूनं उतरवून घेताना आधी तिचं तोंड पुसलं, आणि मग बघितलं.

येत्या रविवारी सोलापुरात अशा छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन होतं, आणि स्पर्धाही. शिवलिंगअप्पानं त्यासाठी सदरा शिवून घेतला होता. घरी बसल्यापासून हा माणूस ओट्यावर बसून नुसता रस्ता बघायचा, जेवताना 'मीठ' एवढंच बोलायचा. इंजिन घरात आलं आणि बोलायला लागला. हे तारामतीला कळत होतं. (कबूल करणं वेगळं.)

म्हणूनच तिच्या मनात आलं, यंदा लक्ष्म्यांच्या आरासीत हे इंजिन मांडावं. नवरा खूश होईल आणि शेजारच्या प्रमोदिनीबाईंच्या आरासीतलं कारंजं फिकं पडेल. पण लक्ष्म्यांपुढं असलं काळं तोंड घेऊन बसायचं? वाटीत चिंच होती, हातात घासणी होती. धुराड्यापासून सुरुवात केली.

तिघं केळीचे खांब घेऊन आले तेव्हा इंजिन दोन्ही लक्ष्म्यांच्या मधे, लाल कापडावर, सोन्यासारखं झळकत होतं. वर झेंडूचं फूल.

मास्तर खांबासकट खाली बसले.

"वैनी," शेवटी माणिकप्पानं विचारलं, "चिंच जुनी होती का नवी?"

"जुनी."

"म्हनूनच."

"आवो, पन व्हार्निश मारायचं राहिलं होतं!" मास्तर रडकुंडीला आले. "दोन दिवस थांबला आसता तर घासून बी निघालं नसतं!"

"मग मारायचं हुतं की येळंवर! मळकं ठिवायचं आन् वर माझ्यावर वरडायचं!" तारामती तडकली. पण नवऱ्याकडं बघितलं आणि पुढचे शब्द तिनं गिळले. शिवलिंगअप्पा ओट्यावर जाऊन बसला होता. रस्ता बघत.

मास्तरांनी त्याच दुपारी रंग कालवला. पण चिंचेनं घासलेलं पितळ ते. त्याच्यावर रंग धरेना, पाण्यासारखा ओघळायला लागला.

"ह्याला तेलकट काजळी पायजे," माणिकप्पा म्हणाला. "जुनी. चिकाट."

"एवढंच ना? आत्ता आनते," म्हणून तारामतीनं पदर खोचला.

आता तुम्हीच सांगा, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी कुठल्या बाईच्या घरात काजळी सापडेल? आणि सापडली तरी कुठली बाई कबूल होईल? ती आधी प्रमोदिनीबाईंच्या दारात गेली.

"प्रमोदिनीबाई, तुमच्याकडं काजळी हाय का थोडी? तेलकट, चिकाट, जळमाटाची?"

प्रमोदिनीबाईंच्या चिमटीतली रांगोळी सांडली. "तारामती! सणासुदीला माझ्या दारात उभी राहून हे विचारतेस?"

"मला पायजे म्हनून इचारलं."

"तुला हवी, तर ती माझ्याकडे असेल असं वाटलं का तुला?"

तिची जाऊ उमादेवी, तिनं तर फडताळावर हात फिरवून बोटं नाकापुढं धरली. "बघा आक्का, हुंगून बघा!" स्टँडवर भजी तळणाऱ्या राजेश्वरीची कढई तरी काळी असेल, तर तिनं आजच घासलेली. वर म्हणाली, "तोंड दिसतंय बघा त्याच्यात." तारामतीनं बघितलं. तोंड दिसलं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं. ती घरी पोचायच्या आत गावात झालं होतं की तारामती घरोघर जाऊन घाण तपासती.

रिकाम्या हातानं ती स्वैपाकघरात शिरली आणि दारातच थबकली. शिवलिंगअप्पा स्टुलावर चढून तिच्याच फडताळाचा माथा उलथण्यानं खरवडत होता. खाली मास्तरांनी ताटली धरलेली. ताटलीत काळंकुट्ट, तेलकट, चिकाट.

"ह्ये काय हाय?"

"काजळी."

"कुनाची?"

"आपली."

"आपल्या घरात काजळी न्हाय!"

"मग ह्ये काय हाय?"

"वरच्या मजल्यावरनं गळलं आसंल."

"आगं, आपल्याला वरचा मजला कुठं हाय?"

तारामतीची उंची बेताची. हात पोचतो तिथवर तिचं राज्य होतं. त्याच्या वर लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या फोडण्या, सगळ्या दिवाळ्यांच्या चकल्या, येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येची, भज्जी, जावळाची, डोहाळजेवणाची तळणं असं सगळं थरावर थर बसलं होतं.

मास्तरांनी करंगळीनं इंजिनावर थोडं लावलं. धरलं! असं धरलं की जणू तिथंच जन्मलं होतं.

मग चौघं टेबलाभोवती बसले. मास्तर लावत होते, माणिकप्पा भिंगातनं बघत होता, तारामती चहा देता देता हुकूम सोडत होती. "धुराड्यापाशी आजून लावा. म्या उतरले तवा ह्याच्यापेक्षा काळी हुते."

"खरंय," शिवलिंगअप्पा म्हणाला. "म्या माईला इचारलं हुतं, ठरवलेली हीच का?"

"आन् तुमी वो? धोतराला डाग पडू नये म्हनून डब्यात उभ्यानं आला सगळा रस्ता!"

"माझे वडील सुटलेली गाडी पळत जाऊन धरायचे," माणिकप्पा म्हणाला. "धरायचे आन् वर गार्डालाच इचारायचे, एवढी घाई कशाला केलीस म्हनून."

सगळे हसले. इंजिन काळं झालं होतं आणि खरं दिसत होतं. चढ चढून नुकतंच येऊन थांबल्यासारखं.

"कुठनं आनलं ह्ये कुनाला सांगायचं न्हाय," तारामतीनं बजावलं. "इचारलं तर रंग म्हनायचं."

तिघांनी माना डोलावल्या.

सणाचे दिवस इंजिन लक्ष्म्यांपुढं राहिलं. हळदीकुंकवाला आलेल्या प्रमोदिनीबाई वाकून म्हणाल्या, "बाकी सगळं लख्ख आहे हो. हे एवढं इंजिन तेवढं घासायचं राहिलं वाटतं." तारामतीनं दातावर दात ठेवून त्यांना कुंकू लावलं.

रविवारी सोलापुरात हॉल भरला होता. तारामती इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली. लोक इंजिनापुढनं हलेनात. एक म्हातारे गृहस्थ तर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "हिच्यात बसून मी शाळेला गेलो." शिवलिंगअप्पाचे डोळे भरून आले. तारामतीचे नाही. (पदर नुसता वाऱ्यानं डोळ्याकडं गेला होता.)

मग पुण्याहून आलेले परीक्षक भिंग घेऊन वाकले, आणि बराच वेळ वर उठेनात. उठले ते माईक हातात घेऊनच. "असा मळ मी आजवर कुठल्याच मॉडेलवर पाहिलेला नाही. शिवलिंगअप्पा, रंग कुठला वापरलात?"

माईक शिवलिंगअप्पाच्या तोंडापुढं आला. तारामतीनं पहिल्या रांगेतनं डोळे वटारले. त्यानं ते बघितले, आणि त्याला वाटलं, तिचं नाव घेतलं नाही म्हणून बायको रागावलीय.

"रंग न्हाय सायेब," तो म्हणाला. "ह्ये माझ्या मंडळीचं कष्ट हाय. लग्न झाल्यापास्नं फडताळावर साठवलंय तिनं."

हॉलभर टाळ्या पडल्या. लोकांनी तारामतीला उभं राहायला लावलं. परीक्षक खाली उतरून तिच्यापुढं आले. त्यांच्या हातात एक रिकामी डबी होती.

"वहिनी, थोडं मिळेल का? असं अस्सल पुण्यात मिळत नाही हो."

"आता कुठलं?" तारामती मान ताठ करून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "फडताळ म्या धुऊन काढलं. आमच्या घरात आता नावाला बी घान न्हाय."

"न्हाय न्हाय सायेब, भिऊ नका," वर स्टेजवर माईक अजून शिवलिंगअप्पाच्याच हातात होता. "फ्रिजच्या मागं आमी आजून हात बी लावला न्हाय."