वर्लिन होस्टेटर पास होतो

"पुन्हा नाकारलं ना? वा, उत्तम!" वकील प्रुएट फोनवर इतक्या आनंदाने ओरडले की आपल्याला बक्षीस लागलं की काय, असं वर्लिनला वाटलं.

त्याचं असं झालं होतं. त्याच्या राज्यात बंदुकीची काडतुसं घ्यायची तर दर वेळी दुकानातल्या संगणकावर सरकारी तपासणी होई, आणि वर्लिन होस्टेटर तीत दोन वर्षं नापास होत होता. गुन्हा काय, तर घर बदललं! गाडीच्या परवान्यावर नवा पत्ता, बंदुकीच्या सरकारी नोंदीत जुना. एक साधा अर्ज भरला की काम फत्ते. पण त्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात वर्लिनच मुख्य अर्जदार होता, आणि त्याचं नापास होणं हाच खटल्याचा कणा होता.

"पत्ता दुरुस्त केलात तर 'तुमचं नुकसान काय?' असं जज्ज विचारतील," प्रुएटांनी बजावलं होतं. "नापासच राहा!"

तत्त्वासाठी वर्लिन इमानेइतबारे नापास राहिला. पण या शनिवारी बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडत होता, आणि रविवारी त्याचा चौऱ्याऐंशी वर्षांचा दोस्त अँब्रोज कायमचा लेकीकडे, दूरच्या आयडाहो राज्यात, निघाला होता. चाळीस वर्षं दोघं एकाच भातखाचरात दबा धरून बसलेले. नजर अधू झाल्यावर अँब्रोजने बंदूक सोडली, तरी शिट्टी वाजवून बदकं बोलावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ही शेवटची जोडशिकार, आणि घरात एक काडतूस नाही.

शुक्रवारी दुपारी बातमी आली. जज्जांनी कायदाच रद्द केला.

"अँब्रोज, बूट घाल! जिंकलो!"

दुकानाची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. वर्लिनला ओळखून लोकांनी पाठ थोपटली, हात मिळवले, एकीने तर गालाचा मुका घेतला. पुढे मात्र एकानेही सोडलं नाही! अडीच तासांनी नंबर लागला, तोच काउंटरवरच्या डार्लाचा फोन वाजला.

"वरच्या कोर्टाने निकालाला स्थगिती दिलीय हो," ती ओशाळून म्हणाली. "तपासणी पुन्हा सुरू."

"आत्ता? माझ्याच नंबरला?"

"जाऊ दे रे," अँब्रोज म्हणाला. "आपण नुसती बदकं बघू. मी बोलावतो, तू मोज."

"करून तर बघू?" डार्लाने विचारलं.

"करा. वकिलाला नापासाचा ताजा कागद तरी मिळेल."

डार्लाने बटणं दाबली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "अहो, तुम्ही पास झालात की!"

वर्लिनने घाबरून प्रुएटांना फोन लावला.

"पास? कसे काय पास?" प्रुएट किंचाळले. "डब्यांना हात लावू नका! काडतुसं घेतलीत तर तुमचं नुकसानच संपलं! खटला बुडेल!"

अँब्रोज तोवर चार डबे छातीशी धरून दाराकडे निघालाही होता. "वकीलसाहेब," वर्लिन म्हणाला, "माफ करा. दुसरा कोणी नापास शोधा." आणि त्याने पैसे दिले.

घरी त्याची बायको नादीन बटाटे सोलत होती.

"नादीन, माझा पत्ता कोणी दुरुस्त केला?"

"मी. गेल्या वेळी नापास झालास, त्याच दिवशी अर्ज भरला. महिना झाला." तिने मानही वर केली नाही. "दोन हंगाम दर शनिवार-रविवार तू या स्वयंपाकघरात. डबे लावतोस, मी मीठ घातलं की चव घेतोस, फ्रीज उघडून उभा राहतोस. तुझं नुकसान दोन-दोन कोर्टं ऐकतात. माझं नुकसान मी कुठल्या कोर्टात मांडायचं रे?"

वर्लिनने बायकोला ओल्या हातांसकट जवळ घेतलं. "देवासारखी धावलीस बाई. अँब्रोजला मी काय तोंड दाखवणार होतो?"

"पुरे. पहाटे चारला दोघंही चालते व्हा. आणि दुपारच्या आत आलास तर बघ!"

हा निकाल वर्लिनने मुकाट्याने मान्य केला. अपील केलं नाही.