ऐकणाऱ्यांची कपात

चाकणच्या एका बंपर बनवणाऱ्या कंपनीत तनुजानं सर्व्हरचा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक यंत्रामागं दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत एकाच वेळी राबणारे दोन कामगारच. एक यंत्राला हुकूम पाठवायचा, दुसरा यंत्राचं म्हणणं ऐकून घ्यायचा. दोघंही एकमेकांच्या पायात न येता काम करायचे. अशी शिस्त कंपनीतल्या साहेबांत नव्हती, म्हणून तनुजाला या शिस्तीचा अभिमान होता.

खर्चकपातीच्या बैठकीत व्यवस्थापक रंगरावांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे निम्मे थ्रेड बसून काय करत्यात?"

"निरोपाची वाट बघतात, सर."

"म्हंजी नुसतेच बसत्यात! हितं माणसाला बसू देत न्हाई आमी, अन् यांचे लाड?"

"सर, लाइनवरच्या रोहिदासनं धोक्याचं लाल बटण दाबलं की बंपर वाहणारा पट्टा थांबवायचा निरोप तेच घेतात."

"रोज दाबतो व्हय तो?"

"नाही."

"मग!"

ऐकणारे थ्रेड 'अनुत्पादक' ठरले. त्यांच्या जागी पाठवणारे दुप्पट झाले. त्याच ठरावानं देखभाल खात्यातला फोन उचलणारा माणूसही घरी गेला. तोही दिवसभर बसूनच असायचा.

आता एकेका यंत्राशी दोघं दोघं एकदम बोलू लागले. एकानं 'वेग कमी कर' म्हणावं, दुसऱ्यानं 'उत्पादन वाढव' म्हणावं. वाटेत शब्द एकमेकांत घुसून पट्ट्याला पोचलं, 'वेग वाढव'. पट्टा इमानदार. सुटला.

रोहिदासनं बटण दाबलं. निरोप सर्व्हरच्या दारात उभा राहिला. दार उघडायला कुणी नव्हतं.

तनुजा मेन स्विचकडं धावली. कुलूप. किल्ली देखभाल खात्यात, तिथला फोन नुसता वाजतोय. ती रंगरावांच्या केबिनमध्ये घुसली.

"सर, रोहिदास छातीपर्यंत बंपरच्या ढिगात गाडला गेलाय!"

"सिस्टमवर तक्रार आलीय का?"

"येणार कशी? ऐकणारं कुणी ठेवलंय का तुम्ही?"

"तक्रार न्हाई म्हंजी सगळं झ्याक चाललंय म्हना की!"

रोहिदासचा एक हात मोकळा होता. त्यानं मोबाइलवरून पुनावळ्यातल्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "बंपरखाली अडकलोय. कुणीतरी या, कंपनीत फोन लावा."

तनुजानं मोबाइल बघितला. फुलं, जोडलेले हात, "नव्या गाडीचं अभिनंदन भावा!" आणि खाली लाइकच्या अंगठ्यांची ही लांब रांग.

त्यात तुमचाही अंगठा होता. नाही म्हणू नका. वाचायच्या आधीच उमटवलात.