कपलिंगचा नांगर

आधीच सांगून ठेवतो, हुक माझा बरोबर होता! आजही बरोबर आहे. ज्याला पटत नसेल त्यानं कर्जत स्टेशनात यावं, गजा खलाशी कुठं म्हणून विचारावं, मी तिथल्या तिथं करून दाखवीन. फक्त येताना बैल आणू नयेत.

मी रेल्वेतला खलाशी, माझं काम गाड्या जोडायचं, म्हणजे कपलिंगचं. पुण्याकडची गाडी कर्जतला थांबली की घाट चढायला तिला मागून जादा इंजिन लावतात. इंजिन हळूच येऊन टेकतं, मी मध्ये घुसतो, हुकात कडी अडकवतो, बाहेर येऊन शिट्टी फुंकतो. संपलं! डब्यातल्या माणसाचा चहा निवत नाही तोवर अख्खी गाडी तयार.

आणि घरी काय? आमचा विठूदादा, माझा थोरला भाऊ, सकाळी बैलांच्या मानेवर जू ठेवणार आणि त्या जुवाला नांगर बांधायला येठण घेऊन बसणार. येठण म्हणजे चांगला लांबलचक दोर. इकडून गुंडाळ, तिकडून आवळ, मनासारखं झालं नाही म्हणून परत सोड. तोवर हौश्या-गवश्याची, म्हणजे आमच्या बैलांची, उभ्या उभ्या एक झोप होते! गोठ्यात तर विचारू नका. नांगर कोपऱ्यात, त्याच्यावर माती सपाट करायची आळवट, तिच्याखाली जू, आणि सगळ्यांच्या वर कोंबडी अंडी उबवत बसलेली. नांगर हवा असेल तर आधी कोंबडीची मनधरणी करायची!

एके दिवशी माझं डोकं फिरलं.

"दादा, येठणाचे दिवस गेले. नांगराला कडी, जुवाला साखळीचा हुक. अडकवला की चालला!"

"आन सुटला तर?"

"घाटात गाडी सुटते का?"

"गाडी शेपटी हालवत नाय," दादा म्हणाला. हा माणूस बोलतो कमी, पण बोलला की वर्मावरच बोट ठेवतो.

वहिनी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "भावजी, त्या हुकाला एखादी खिटी तरी घाला. बैल मागं सरले तर पडंल की तो!"

"वयनी, इंजिन शिट्टीबिगर मागं सरकतं का?"

"माजे बैल इंजिन कवापासून झाले?"

मी म्हटलं, करून दाखवतो! लोहाराकडून हुक आणि कडी घडवून घेतली. मग बैलांना शिकवायला बसलो. एक शिट्टी म्हणजे मागं यायचं, नांगराला टेकायचं. दोन शिट्ट्या म्हणजे पुढं. बरोबर आलं की गुळाचा खडा. आणि काय सांगू, बैल शिकले! माझ्याबरोबर भरती झालेल्या काही माणसांपेक्षा लवकर शिकले. शिट्टी वाजली की दोघं एका पावलात मागं. हुक कडीत, खट्! दादा दारात उभा राहून बघत होता. बघता बघता त्याची बिडी विझली होती.

गोठ्याचंही काम काढलं. आढ्याला विहिरीवरची जुनी कप्पी टांगली, तिच्यातून दोर घेतला, आणि एक टोक खुंटीला बांधून दुसऱ्या टोकाच्या हुकाला सगळी अवजारं गाडीच्या डब्यांसारखी एकाखाली एक जोडून टाकली. वर नांगर, मध्ये आळवट, तळाला पाण्याची दगडी डोण. डोण अवजार नाही हे मला कळतं, पण गाडीला गार्डाचा डबा नको का? दोर सोडला की सगळी गाडी खाली, बैलांनी ओढला की वर. सगळी जमीन कोंबडीला मोकळी!

आता ऐका, आमच्या गावात एक रीत आहे. भात कापून झालं की जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरायचे. पण वालाचा पहिला तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, ओढायचा मान आमच्या घराचा. आमचा तास पुरा झाल्याशिवाय गावात कुणी बैल जुंपत नाही. मात्र त्या दिवशी ऊन खाचरात उतरायच्या आत आमचा तास पुरा झाला पाहिजे. नाही झाला तर मान जायचा शेजारच्या बुधाजीकडं, आणि तो कायमचा! दादाकडं दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. वर्षभर खाली मान घालून राबणारा माणूस त्या एका सकाळी पागोटं बांधायचा.

त्या सकाळीही त्यानं पागोटं बांधलं. म्हणाला, "गजा, नांगर काढ. आन मी येठण बरुबर घेनार हाय."

"घे की! बांधायला लागणार नाय."

मी गोठ्यात गेलो, दोर हाताला गुंडाळला आणि खुंटीवरून सोडला. आता मी अंगानं कसा आहे हे तुम्ही बघितलेलं नाही. खलाशाला डब्यांच्या मधून घुसावं लागतं, तो सडपातळच असायचा! डोण निघाली खाली, आळवट निघाली खाली, नांगर निघाला खाली, आणि मी निघालो वर!

"भावजी! कुटं हाव?" वहिनी दारातून ओरडली.

"वर!"

"कुटं वर?"

"आढ्याला! नांगर सोडवा आधी, उशीर होतोय!"

वहिनीनं मुकाट्यानं हुक काढला. नांगरासकट सगळी गाडी सुटली, आणि मी सरळ कोंबडीच्या टोपलीत आलो. कोंबडीनं जे तोंड सोडलं ते अख्ख्या गावानं ऐकलं. अंड्यांबद्दल विचारू नका!

शेतावर पोचलो तर सगळा गाव बांधावर बैल धरून उभा. पुढं नागू पाटील काठी टेकून. आणि आमच्या खाचराच्या मागच्या बांधाला लागून बुधाजीचा नांगर तयार! इसाडाचं, म्हणजे नांगराच्या लांब दांड्याचं, टोक बांधावर टेकवलेलं आणि त्याला येठणाचा फास आधीच घालून ठेवलेला. आमची चूक कधी होते आणि हा कधी जुंपतो!

"विठू, उन बग कुटवर आलं," बुधाजी गोड आवाजात म्हणाला. "नसंल झेपत तर सांग रं. शेजारी हाय मी तुजा."

दादानं येठण काढलं. इकडून गुंडाळलं, तिकडून आवळलं, परत सोडलं. माझ्याच्यानं बघवेना.

"दादा, बांधत बसलास तर मान गेला! एकदा ऐक माझं!"

त्यानं उन्हाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दोर खांद्यावर टाकला. "लाव तुजा हुक."

मी शिट्टी फुंकली. बैल मागं. खट्! जुंपला! गावाच्या तोंडून "आँ!" असा आवाज निघाला. पाटलानं काठीसुद्धा बदलली या हातातून त्या हातात. वहिनीनं नांगराला हळद-कुंकू लावलं. दादानं रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, हातात धरलं. आता फाळ दाबायचा आणि बैल हाकायचे, एवढंच काम उरलं होतं.

आणि तेवढ्यात खाचरांच्या पलीकडच्या रुळांवर इंजिनानं शिट्टी घातली! एक, लांबलचक!

माझी नव्हती ती शिट्टी. पण बैलांना काय, शिट्टी ती शिट्टी. दोघं एका पावलात मागं. साखळी ढिली पडली आणि हुक कडीतून निसटला.

"हो! हो!" दादा ओरडला. फाळ बैलांच्या पायात जाईल म्हणून त्यानं नांगर बाजूला ओढला. झालं! वाट मोकळी. बैल मागं, मागं, मागं. मीच शिकवलेलं, टेकेपर्यंत थांबायचं नाही! थेट मागच्या बांधापर्यंत गेले, बुधाजीचं इसाड दोघांच्या मध्ये आलं, आणि हुक त्याच्या फासात बसला. खट्!

"माजा नांगर!" बुधाजी किंचाळला.

मी म्हटलं, "हात लावू नका! नीट बसलाय!" काय करता, धंद्याची सवय!

तेवढ्यात गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या इंजिनानं उत्तर दिलं. दोन शिट्ट्या!

बैल पुढं! बुधाजीचा नांगर बांधावरून उडाला, आपटला, परत उडाला. तो लोखंडी फाळ आता गवश्याच्या मागच्या पायावर बसणार, एवढ्यात वहिनीनं पूजेचं ताट फेकलं, पदर खोचला, धावत जाऊन रुमणं पकडलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. फाळ जमिनीत गेला. "चल रं हौश्या! दमानं रं गवश्या!" बैल गेले सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तास असा पडला की रूळ टाकावेत! वहिनीनं बैल उभे केले तेव्हा ऊन खाचरात उतरायला अजून पाऊलभर बाकी होतं.

आणि एकदम जो गलका झाला!

"तास माज्या नांगरानं पडला, मान माजा!" बुधाजी.

"बैल कुणाचे? गाडी ओढतं कोण, इंजिन का डबा?" मी.

"गप बसा रं दोगं बी!" नागू पाटलानं काठी आपटली. "रीत काय हाय? रुमन्यावर हात कुनाचा, त्याचा मान. बैल विठूचे आसूदे, नांगर बुधाजीचा आसूदे. हात कुनाचा हुता?"

सगळे वहिनीकडं बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईनं नांगर धरला! आता उगवत्यात वाल!"

वहिनीनं केसातली माती झटकली. "लावनीला बाई चालती. कापनीला बाई चालती. माज्या गवश्याचा पाय तुटत हुता, तवा तुमी समदे बाप्ये बांधावर काय करत हुतात? आता बी नुसते उबेच हाव! ओल उडाली सगळी, जुंपा की!"

पाटलानं मानाचा नारळ उचलला, दादाकडं बघितलं आणि वहिनीच्या हातात दिला. दादानं डोक्यावरचं पागोटं काढलं. मला वाटलं, संपलं, आता हा रडतो. तो पुढं गेला आणि पागोटं त्यानं वहिनीच्या खांद्यावर ठेवलं. सगळ्या गावासमोर! मग नाक शिंकरायला बांधाच्या पलीकडं गेला.

"दादा, मान घरातच राहिला की नाही?" मी त्याला गाठून विचारलं.

"ऱ्हायला. पर तुज्यामुळं नाय."

"वयनीच्या हातात रुमणं गेलं कुणामुळं?"

त्यावर तो येठण घेऊन माझ्या मागं लागला, म्हणजे त्याला पटलं होतं!

त्या वर्षी वाल असे आले की झाडं वाकली. तेव्हापासून पहिला तास वहिनीच धरते, आणि बुधाजी दर वर्षी आपला नांगर आपल्या हातानं त्याच बांधावर तसाच आणून ठेवतो. उगाच कशाला बदल करा, म्हणतो. मला त्या दिवशी शेतावर यायची बंदी आहे. मी स्टेशनात थांबायचं आणि तास पुरा होईस्तोवर ड्रायव्हरला शिट्टी वाजवू द्यायची नाही, असा वहिनीचा हुकूम. ड्रायव्हर मला काय काय बोलतो ते इथं लिहिता येणार नाही.

आणि हुक? लोक म्हणतात, गजाचा हुक वाया गेला. अजिबात नाही! स्वयंपाकघरात आढ्याला आहे, वहिनी त्याला सुक्या बोंबलांची टोपली अडकवते. मांजरानं उड्या मारून बघितल्या, वाऱ्यानं हलवून बघितलं, टोपली आजवर एकदाही पडलेली नाही. याला म्हणतात हुक!

वहिनीनं तो वरून येठणानं घट्ट बांधून घेतलाय, ती गोष्ट वेगळी.