निळी स्की कुणाची?

"दोन्ही स्की शेजारी शेजारी ठेवल्या? मग गेल्याच समजा!" मर्ल पिंकहॅम खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.

'ओला हातमोजा' या पबमध्ये दुपारच्या जेवणाची गर्दी होती. शेकोटीजवळच्या टेबलांवर टेक्सासहून आलेलं चर्चचं गायकमंडळ बसलं होतं. अठरा माणसं, आणि अठराही जणांच्या स्की भाड्याच्या, हिरव्यागार. त्यांच्या प्रमुख पॉलेटबाईंचा घास हातातच राहिला.

"इथे चोर आहेत की काय, साहेब?"

"चोराला जोडी लागते, बाई. एक स्की या टोकाला ठेवायची, दुसरी त्या टोकाला. एकटी स्की नेऊन चोर काय करणार, चुलीत घालणार? एकेचाळीस हिवाळे झाले, या डोंगरावर माझी सुईसुद्धा हरवलेली नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. मर्लने तीस वर्षं डोंगरावरच्या बचाव पथकात काढली होती आणि हे तो गावाला विसरू देत नसे. त्यातून आजचा दिवस त्याचा होता. हिवाळ्याच्या शेवटच्या रविवारी तीन वाजता सारं गाव डोंगरमाथ्यावरून पबच्या दारापर्यंत स्कीवरून उतरतं. सगळ्यांच्या पुढे एकच मानकरी असतो. गेल्या वर्षी तो मान कर्टिसला मिळाला, आणि कर्टिस थेट पबच्या दारावर जाऊन आदळला. यंदा मर्लची पाळी होती. त्यासाठी त्याने दाढीसुद्धा केली होती.

"तीनच्या आधी माथ्यावर नेणाऱ्या पाळण्यापाशी दिसला नाहीस तर मान पुन्हा माझा. नियम आहे," शेजारच्या स्टुलावरून कर्टिस म्हणाला.

"तू आधी ते दार बघ. अजून पोचा आहे त्याला."

कर्टिसने तोंडापुढे बिअरचा ग्लास धरला. पॉलेटबाई मात्र उठल्या होत्या. त्यांच्यामागे आख्खं मंडळ जेवण अर्धवट टाकून बाहेर गेलं आणि बऱ्याच वेळाने लालबुंद नाकांनी परत आलं.

"त्यांना काय शिकवून पाठवलंस रे?" मालकीण ग्लेंडाने मर्लपुढे रश्शाचा वाडगा ठेवत विचारलं. "दोघं तर पोस्टापर्यंत जाऊन आले."

"शिस्तीचे लोक आहेत. ऐकतात," मर्ल म्हणाला आणि त्याने रस्सा पुन्हा मागितला.

अडीच वाजता मंडळ निघालं, आणि बाहेर एकच गोंधळ उडाला. एक हिरवी स्की पोस्टामागे, एक चर्चच्या पायरीवर, तीन ग्लेंडाच्या लाकडांच्या ढिगात. कुणाला एक लांब तर एक आखूड मिळाली. एका आजोबांच्या हाती तर दोन्ही डाव्याच आल्या, असं त्यांचंच म्हणणं. मर्लने सूत्रं हाती घेतली. सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, स्कीवरचा बर्फ पुसून आकडे वाचले आणि पंधरा मिनिटांत छत्तीसच्या छत्तीस स्की मार्गी लावल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्ल ऐटीत स्वतःच्या निळ्या स्की घ्यायला वळला.

एक नेहमीप्रमाणे पुढच्या दाराशी होती. दुसरी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेली होती, ती जागेवर नव्हती.

"ती जुनी निळी?" पॉलेटबाईंचा चेहरा फुलला. "अगदीच उघड्यावर होती हो! मीच नीट लपवली. दुपारी मागच्या दाराशी उभा होता ना, त्या बिअरच्या ट्रकमध्ये, पिंपांच्या मागे. चोराला सात जन्मांत सापडायची नाही."

ट्रक निघून अर्धा तास झाला होता. दुसऱ्याची स्की मागावी तर त्याचे जुने बूट आजकालच्या एकाही स्कीवर बसत नव्हते. शिवाय मागायची म्हणजे हरवली हे सांगायचं.

"काय रे, एकच?" दारात उभ्या कर्टिसने विचारलं.

"दोनवर कुणीही उतरतं," मर्ल म्हणाला, आणि ती एकटी स्की खांद्यावर टाकून पाळण्याकडे चालू लागला.

माथ्यावर त्याला एका पायावर उभं राहिलेलं बघून गावाने माना उंचावल्या. मर्लने डोंगराला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि स्वतःला सोडून दिलं. गुडघा पहिल्या वळणालाच ओरडू लागला. दुसऱ्या वळणाला दुसरा पाय हवेत फिरला, लोकांना तो नाच वाटला. पण पडला नाही. अडुसष्ट वर्षांचा मर्ल एका स्कीवर आख्खा डोंगर उतरला आणि पबच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला, कशालाही न धरता. असा जल्लोष त्या गावात कधी झाला नव्हता. मर्लचे डोळे भरून आले. ते वाऱ्याने, असं त्याने सांगितलं.

आत गायकमंडळाने तीन गाणी म्हटली. चौथं सुरू होणार तेवढ्यात बिअरवाला ड्रायव्हर निळी स्की उंच धरून दारात उभा राहिला.

"ही माझ्या गाडीत कुणी घातली? कुणाची हरवलीय?"

मर्लने रश्शात डोकं घातलं. पॉलेटबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी कर्टिस उठला.

"माझी आहे. आण इकडे."

कर्टिसही बचाव पथकातलाच, आणि पथकातल्या सगळ्यांना एकाच वर्षी तशा निळ्या स्की मिळाल्या होत्या, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. हशा उसळला. "गेल्या वर्षी दार, यंदा स्की! म्हातारा झालास रे!" कर्टिस मान खाली घालून ऐकत राहिला. कर्टिसचे टोमणे मर्लने आयुष्यभर पचवले होते, हे मात्र त्याला पचेना. तो उठला.

"हसू नका. स्की माझी आहे. हरवली म्हणून एकीवर उतरलो. शौर्य वगैरे काही नाही."

मग ग्लेंडाने ॲप्रनने डोळे पुसले.

"बघा! मित्राला कुणी हसू नये म्हणून स्वतःवर घेतोय!"

"अहो, खरंच! मीच ठेवली होती ट्रकमध्ये," पॉलेटबाई कळवळून म्हणाल्या.

"बाईसुद्धा किती भल्या!" कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मर्लने तिसऱ्यांदा खरं सांगितलं, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर उचललं. तिथून त्याला दिसलं, कर्टिस निळी स्की बगलेत मारून, शीळ घालत घराकडे निघाला होता.

"अरे कर्टिस, माझी आहे ती!"

"ऐकलंत?" ग्लेंडा म्हणाली. "अजूनही त्याचीच बाजू घेतोय."