साळिंदररावांची अर्धी गोष्ट

एका जंगलात दरवर्षी दिवाळी अंक निघत असे. आता जंगलात दिवाळी कुठून आली, असं विचारू नका मुलांनो. अंक निघायचा म्हणून दिवाळी यायची, एवढं लक्षात ठेवा.

अंकाचे संपादक होते अस्वलअण्णा. अंकात मधाच्या पाककृती असायच्या, टिटवीचं राशिभविष्य असायचं, वाघाची मुलाखत असायची. आणि एक विज्ञानकथा असायची. एकच. दोन झाल्या तर वाचकांना अपचन होतं, असं अण्णांचं मत होतं. एकही नसली तर अंक मागासलेला दिसतो, असंही होतं.

ती एक कथा साळिंदरराव लिहायचे. लेखण्या अंगावरच उगवत असल्यामुळे त्यांना लेखक होणं सोपं गेलं, असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. साळिंदरराव फार मेहनत करायचे. एका गोष्टीत एकच थाप मारायची आणि मग तिच्याशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहायचं, असा त्यांचा नियम होता. माकडांच्या शेपट्या नाहीशा झाल्या, अशी थाप त्यांनी एकदा मारली होती. मग तीन महिने ते माकडांना विचारत फिरले, शेपटी नसेल तर उडी मारताना तोल कसा सांभाळाल? माकडांनी त्यांना फळं फेकून मारली. त्यातली दोन पिकलेली होती, म्हणून तो दिवस चांगला गेला.

एवढं करूनही साहित्य संमेलनात त्यांना कथाकारांच्या ओळीत बसायला मिळत नसे. त्यांची जागा टिटवीशेजारी. जंगलातला समीक्षक होता गवा. तो वाचलेलं सावकाश रवंथ करून मत द्यायचा. जे घडलंच नाही ते साहित्य कसं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच अंकात बोलणाऱ्या वडाची कथा असायची, तिच्याबद्दल मात्र त्याची काही तक्रार नव्हती. साळिंदररावांना याचं फार वाईट वाटे. एकदा तरी त्या ओळीत बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या वर्षी त्यांनी नवी थाप निवडली. जंगलातला ओढा आटला तर?

हा ओढा कुणाच्याच आठवणीत आटलेला नव्हता. भर उन्हाळ्यात हत्तीण त्यात पोटापर्यंत बुडायची. साळिंदरराव काठाकाठाने हिंडले. कातळ कुठे आहे ते पाहिलं, वाळूचा थर किती जाड आहे ते मोजलं. मग गोष्ट लिहिली. पहिल्या अर्ध्यात ओढा आटतो आणि हाहाकार होतो. दुसऱ्या अर्ध्यात जनावरं पाणी शोधतात.

अण्णांना पहिला अर्धा फार आवडला. वाचताना ते दोनदा पाणी प्यायले. दुसरा अर्धा त्यांनी बाजूला काढून ठेवला.

"यात विज्ञान फार झालंय हो," ते म्हणाले. "वाळू काय, कातळ काय. वाचकांच्या डोक्यावरून जाईल."

"अण्णा, विज्ञानकथाच आहे ती."

"ते वर छापणार आहोतच की. आत पुन्हा कशाला?"

दुसऱ्या अर्ध्याच्या जागी मधाची जाहिरात आली. साळिंदररावांचे काटे दोन दिवस उभे होते. तिसऱ्या दिवशी ते पुढच्या कथेला लागले. लेखक असेच असतात.

आणि पुढच्या उन्हाळ्यात ओढा खरंच आटला. वर डोंगरात कुणीतरी बांध घातला होता. सगळं जंगल साळिंदररावांच्या बिळापाशी जमलं. तुम्ही लिहिलंत म्हणून आटला, असं बरेच जण म्हणाले. लेखकाने जबाबदारीने लिहायला हवं, असं गवा म्हणाला. आता ओढा भरल्याची गोष्ट लिहून द्या, अशीही एक सूचना आली. आपण भविष्य सांगत नाही, फक्त 'असं झालं तर' एवढंच विचारतो, हे साळिंदरराव परोपरीने सांगत होते. टिटवीने समजूतदारपणे मान हलवली. भविष्य चुकलं की तीही हेच सांगायची.

तेवढ्यात गर्दीतून एक हरिणी पुढे आली. तिच्या पाडसाला धड उभंही राहवत नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या गोष्टीत पुढं काय झालं?"

मुलांनो, लेखकाला हा प्रश्न जन्मात फार तर दोनदा विचारला जातो. साळिंदररावांचे डोळे भरून आले. त्या दिवशी जंगलात दिसलेलं पाणी तेवढंच.

"पुढं त्यांना पाणी सापडतं," ते म्हणाले. "चला, चालता चालता सांगतो."

त्यांनी दुसरा अर्धा सांगितला. गोष्टीतली जनावरं ओढ्याच्या वळणापाशी जातात, कारण तिथला उंबर अजून हिरवागार असतो. तिथे तळाशी कातळ असतो आणि कातळावर वाळू. ओढा आटला तरी वाळूच्या पोटात पाणी अडून राहतं. ऐकणारे वळणापाशी पोचले तेव्हा गोष्टही तिथेच आली होती. हत्तीण पुढे झाली, रानडुकरं खणू लागली. गुडघाभर खणल्यावर वाळू ओली लागली. आणखी खणल्यावर खड्ड्यात पाणी झिरपून झिरा भरू लागला. पाडस आधी प्यायलं, मग रांग लागली.

सगळ्यात जास्त गवा प्यायला. मग त्याने रवंथ केला आणि मत बदललं. ही थाप नाही, असं त्याने जाहीर केलं. ही उपयुक्त माहिती आहे, आणि उपयोगी पडणारी वस्तू साहित्यात कशी बसवणार? सगळ्यांना ते पटलं.

साळिंदररावांचा सत्कार झाला. शाल काट्यांवर टिकली नाही, नारळ टिकला. त्यांना जंगलाचे पाणीपुरवठा अधिकारी नेमलं. दिवसभर झिरे उपसायचे आणि तक्रारी ऐकायच्या, यात लिहायला वेळ उरला नाही. पुढच्या दिवाळी अंकातली विज्ञानकथा अण्णांनी स्वतःच लिहिली. तिच्यात ओढ्याला मध येतो. गव्याने तिची तोंडभरून स्तुती केली.

पुढच्या संमेलनात साळिंदरराव अखेर कथाकारांच्या ओळीत पोचले. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते एकेकापुढे पाण्याचा द्रोण ठेवत गेले. शेवटच्या जागेवर अण्णा बसले होते.

"हल्ली काही लिहीत नाही का हो?" अण्णांनी विचारलं. आणि उत्तराआधीच द्रोण तोंडाला लावला.

तात्पर्य : विज्ञानकथा जरूर लिहावी, पण ती खरी होणार नाही याची काळजी घ्यावी. खोटी ठरली तर लिहिणारा निदान लेखक राहतो. खरी ठरली की नोकरी लागते.